येण्याचं कारण

मुंबईला आपण कामासाठी जातो. नाशिक, सातारा, सांगली, जळगाव, कुठल्याही गावातल्या मध्यमवर्गीय घरात विचारून बघा. मुंबईच्या फेऱ्या कारणांनिशी लक्षात असतात. टाटा हॉस्पिटलला दाखवायला गेलो होतो. मंत्रालयात फाईल अडकली होती. मुलीची व्हिसाची मुलाखत होती. दादरला मामेभावाचं लग्न होतं. काम झालं की मिळेल ती गाडी पकडायची आणि अंथरूण गाठायला आपलं घर. कुणी आजारी नाही, कुणाचं कार्य नाही, देवदर्शनही नाही, आणि तरी नवरा-बायको दोघंच दुसऱ्या शहरात रात्रीची राहून येणार, हे सांगताना अजून आपली जीभ अडखळते. लग्नाचा वाढदिवस हे कारण खरं तर पुरेसं आहे. पण शेजारी सांगताना आपण त्याला हळूच एक शेपूट जोडतो, की जातोच आहोत तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवून येऊ.

यंदा आम्ही शेपूट जोडलं नाही. नणंद दोन दिवस सासूबाईंजवळ येऊन राहिली आणि आम्ही पंचवटी एक्सप्रेसची तिकिटं काढली.

महाबळेश्वर किंवा सापुतारा का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. डोंगर मलाही आवडतात. पण माझं मत असं, की बरीच वर्षं संसार झालेल्या दोघांना शांततेची वाण नसते. ती घरात भरपूर असते. संध्याकाळी टीव्ही बंद झाला की आमच्याकडे जी शांतता पसरते ती कुठल्याही पॉइंटवरच्या शांततेइतकीच गाढ असते. अशा दोघांना एखादं मोठं, गजबजलेलं, आपल्याशी काही देणंघेणं नसलेलं शहर हवं. तिथे दर वळणावर काहीतरी दिसतं आणि दिसलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं. जवळ सांगायला एकच माणूस असतं.

पण ते लगेच होत नाही. पंचवटीत बसल्यावर आम्ही इगतपुरीपर्यंत फक्त घर बोललो. सिलिंडर लावून ठेवलाय का, आईंच्या रात्रीच्या गोळ्या डबीत काढल्यात का, सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा राहिला. आजूबाजूला पासवाले आपापल्या ठरलेल्या जागी बसले होते. इगतपुरीच्या पुढे गाडी थळ घाट उतरू लागली. हा घाट १८६५ साली रेल्वेसाठी खुला झाला. ३७ फुटांना एक फूट असा त्याचा चढ आहे आणि त्यामुळे वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. हे मला ह्यांनीच सांगितलं, खिडकीबाहेर बघत, बोगद्यांच्या मधल्या उजेडात. लग्न झाल्यापासून या घाटातून आम्ही कितीदा तरी गेलो असू. ही माहिती ह्यांच्याजवळ आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. मी विचारलं, "बोगदे तेव्हा सुरुंगानं फोडले असतील ना?" हे म्हणाले, "हो, आणलाय, पिशवीत आहे." मला वाटलं, बोगद्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल.

मुंबईत उतरल्यावर सगळ्यात आधी आम्ही रस्ता ओलांडून समोर गेलो आणि स्टेशनाकडे तोंड करून उभे राहिलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून येणारा-जाणारा माणूस ती इमारत बघतच नाही. टॅक्सी शोधायची असते, पाकीट सांभाळायचं असतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं आराखडा केला, १८७८ साली काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहा वर्षं लागली. दगडातली पानं-फुलं, पक्षी आणि प्राणी कोरण्यात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह राज्यकर्त्यांचा आणि वाघ आपला. घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई उभी आहे, तिला प्रगतीची मूर्ती म्हणतात. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे. ह्यांनी घुमट बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "आतून याला मधे आधार नाही. हे वजन पेललं कसं असेल?" आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात लोखंडाशी खेळलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. माझ्या मनात तो कधीही आला नसता. मी त्या बाईच्या साडीसारख्या चुण्यांकडे बघत होते.

हॉटेलातल्या वहीत नाव, पत्ता, आधार क्रमांक, कुठून आलात, कुठे जाणार असे रकाने होते. शेवटचा रकाना येण्याच्या कारणाचा. वरच्या सगळ्या ओळींत कुणी कामकाज लिहिलं होतं, कुणी वैद्यकीय, कुणी परीक्षा. ह्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा की, लग्नाचा वाढदिवस." त्यांनी ते तसंच, सुवाच्य अक्षरात लिहिलं. काउंटरवरच्या मुलानं वाचून अभिनंदन केलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. सरकारदरबारी, रुग्णालयात, शाळेत इतके फॉर्म आम्ही जोडीनं भरले. दोघांचं एकत्र असणं हेच कारण असलेला हा पहिला कागद.

दुपारी ओव्हल मैदान. मुंबईत कुणाला एकच जागा दाखवायची झाली तर मी आता ही दाखवीन. पूर्वेला विद्यापीठ, राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय: टोकदार कमानींची, मनोऱ्यांची एकोणिसाव्या शतकातली रांग. पश्चिमेला १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारती, गोलावलेले कोपरे, बाल्कन्यांवर आडव्या पट्ट्या, फिक्या रंगांच्या भिंती. मधे मैदानभर पोरांचे क्रिकेटचे सामने, एकाचा चेंडू दुसऱ्याच्या स्लिपमध्ये. २०१८ साली या दोन्ही रांगा मिळून वारसायादीत गेल्या. राजाबाई टॉवरसाठी पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि नाव आपल्या आईचं द्यायला लावलं. त्याचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. इंग्लंडात बसून त्यांनी कागद पाठवले. हे सगळं मी ह्यांना सांगत होते. ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होते. इतक्या लक्षपूर्वक त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं होतं, ते मला आठवेना.

उच्च न्यायालयाजवळ मला रमाबाई रानडे आठवल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १८९३ साली इथे न्यायाधीश झाले. रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. मी ते कॉलेजात असताना वाचलं आणि नंतरही अधूनमधून उघडत आले. लग्न झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. नवऱ्यानं शिकवायला घेतलं म्हणून पुण्याच्या मोठ्या घरातल्या बायकांची किती बोलणी त्यांनी खाल्ली! न्यायमूर्तींची बदली आमच्या नाशिकला झाली तेव्हा घरच्या मोठ्या मंडळींपासून लांब, दोघांना थोडा मोकळा श्वास मिळाला. तिथेच शाळेच्या एका समारंभात रमाबाई पहिल्यांदा चारचौघांत बोलल्या. भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिलं होतं. लोक त्यांच्या सुधारणांबद्दल, सेवासदनाबद्दल लिहितात आणि ते योग्यच आहे. मला मात्र वाचताना दर वेळी वाटतं, की हे सारं वाढायला आधी दोन माणसांना एक जागा मिळावी लागली. कुणी ऐकत नाही, कुणी टोकत नाही अशी जागा. ती त्यांना बदलीनं दिली.

आपल्याकडे नवरा-बायकोला ही जागा घरानं फारशी दिलेलीच नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात सासू-सासरे, दीर, मुलं, कधी गावाकडून आलेला गिरणीतला एखादा पाहुणा, आणि त्यातच नवीन लग्न झालेली जोडी. त्या दोघांना आपसात चार वाक्यं बोलायची तर कुठे जायचं? चौपाटीवर. राणीच्या बागेत. इराण्याकडे, जिथे बायकामाणसांसाठी आडोशाची फॅमिली रूम असे. शहरानं मराठी संसारासाठी केलेलं हे काम कुठल्या इतिहासात नीट नोंदलेलं नाही, पण ते फार मोठं आहे. धोबी तलावावरच्या कयानीत आम्ही संगमरवरी टेबलाशी बसून बन मस्का आणि चहा घेतला. हे दुकान १९०४ सालचं. लाकडी खुर्च्या, आरसे, काचेच्या बरण्या. इथेही ह्यांनी मला दोनदा "काय?" विचारलं. मागे कपबश्यांचा आवाज होता.

संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरची ती वळणदार भिंत आणि तिच्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेली माणसं, बहुतेक जोड्या. एकमेकांत हातभर अंतर राखलेल्या जोड्या, अंतर अजिबात न राखलेल्या जोड्या. रस्त्याकडे सगळ्यांची पाठ. या मुलांकडे बघून नाकं मुरडणारे आणि संस्कृती रक्षणाच्या नावाखाली त्यांना उठवायला येणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. यातल्या कितीतरी जोड्या रीतसर लग्न झालेल्या असतात. विरार, कल्याण, गोवंडीच्या खोलीत जे बोलता येत नाही ते बोलायला त्या तास-दीड तासाचा प्रवास करून इथे येतात. आमच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या हातात हिरवा चुडा होता. ती खूप वेळ काहीतरी समजावून सांगत होती आणि तो नुसता मान हलवत होता. एकदाच तो काहीतरी बोलला आणि ती हसली. त्या दोघांना तिथून उठवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आम्हीही भिंतीवर बसलो. भरती होती, टेट्रापॉडवर लाटा फुटत होत्या, मागे गाड्यांचा अखंड घोष. चणेवाला येऊन गेला, सायकलवरचा चहावाला आला. मी बोलत होते. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला हे अचानक उठले, मला वळसा घालून माझ्या डाव्या हाताला येऊन बसले.

"काय झालं?"

"या बाजूनं बोल. डाव्या कानानं मला नीट ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. आवाज येतो, शब्द येत नाहीत."

प्रेस शॉपमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मोठी प्रेस त्यांच्या डाव्या अंगाला होती. पहिल्या काळात कानात कापसाचा बोळा घालत, तोही सुपरवायझरची हाक ऐकू यावी म्हणून मधून मधून काढत. सतत मोठ्या आवाजात राहिलं की कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. सगळ्यात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, त, फ अशी व्यंजनं निसटतात, स्वर तेवढे राहतात. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज कळणं अवघड होतं. आजूबाजूला गोंगाट असेल तर आणखीच. हे मला नंतर डॉक्टरांकडून समजलं. तिथे भिंतीवर मी एवढंच विचारू शकले, "मग घरी कधी कळलं कसं नाही?"

हे थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, घरी ऐकावंच लागत नाही. तू काय बोलणार ते मला माहीत असतं. पोळी वाढू का, गॅस बंद केला का, दूध आलं का. नुसते ओठ हलले तरी पुरे. आज सकाळपासून तू सगळं नवीनच बोलतेयस."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माझं मन मात्र त्या वाक्यापाशी थांबलं आणि अजून तिथेच आहे.

घरातल्या बोलण्याला मी कमी लेखत नाही. पोळी वाढू का, या तीन शब्दांवर पिढ्यांचे संसार उभे आहेत आणि त्यात काळजी असते, मायाही असते. पण ती वाक्यं इतकी ठरलेली असतात की ती न ऐकताही उत्तर देता येतं. एक माणूस वर्षानुवर्षं न ऐकता बरोबर उत्तरं देत राहिला आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला पत्ता लागला नाही, हे घडू शकलं ते या ठरलेपणामुळे. राजाबाई टॉवरबद्दलचं वाक्य ओठांवरून ओळखता येत नाही. थळ घाटातल्या सुरुंगांचा प्रश्न सवयीनं झेलता येत नाही. अनोळखी शहरात गेल्यावर आमच्या बोलण्यात एकही जुनं वाक्य उरलं नाही, आणि म्हणून दुपारपर्यंत हे दमले असणार. तोंडाकडे एकटक बघत ऐकत होते ते त्यासाठी.

डोंगरावर गेलो असतो तर काय झालं असतं, असं मी स्वतःला विचारते. बहुधा शांततेत सगळं निभावून गेलं असतं. दोन दिवस छान, न बोलता, सूर्यास्त बघून आम्ही परतलो असतो. मुंबईच्या गोंगाटानं ती गोष्ट उघडी केली.

मग आम्ही खूप वेळ बोललो. मी त्यांच्या उजव्या कानाशी, जरा खालच्या पट्टीत, शब्द सुटे करून. कारखान्यातल्या गोष्टी त्यांनी सांगितल्या, ज्या घरी कधी निघाल्या नव्हत्या. कान तपासायला जायची त्यांना भीती होती. कंपनीत कळलं तर काम बदलून देतील, ही आधीची भीती. निवृत्तीनंतर उरलेली भीती निराळी होती: यंत्र लावलं की लोक आपल्याशी ओरडून बोलतील, नातू हसतील. मी माझंही सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते त्यांच्यासाठी होतं. दिव्यांची माळ वळणाच्या टोकापर्यंत पेटली होती आणि आमच्या शेजारची चुडेवाली मुलगी केव्हाच उठून गेली होती.

रविवारी सकाळी दादरला शिवाजी मंदिरात नाटकाचा प्रयोग होता. तिकीट खिडकीवर ह्यांनी स्वतः सांगितलं, "पुढची द्या, आणि डाव्या हाताच्या टोकाची. मला उजव्या कानानं ऐकायचंय." खिडकीतल्या माणसानं तक्ता फिरवून दाखवला, जागा निवडून दिल्या, पुढच्याला बोलावलं. इतकी वर्षं दडवलेली गोष्ट मुंबईत एका वाक्यात सांगून झाली आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. परक्या शहराचं हेही एक देणं आहे. आपल्या गल्लीत हेच वाक्य उच्चारायला त्यांना आणखी काही वर्षं लागली असती. मध्यंतरात मला त्यांनी दोन जागी काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. एका ठिकाणी मलाच नीट कळलं नव्हतं, ते त्यांनी सांगितलं.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांच्यासाठी म्हणून लिहिते. टीव्हीचा आवाज हळूहळू वाढत जातो. फोन नेहमी एकाच कानाला लागतो. लग्नसमारंभात माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो आणि आपण त्याला माणूसघाणं ठरवतो. कान तपासण्याची चाचणी साधी असते: बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज ऐकवतात आणि त्यावरून आलेख काढतात. दुखत नाही, सुई नाही. आमचा आलेख उतरणीचा निघाला, डावीकडे जास्त. यंत्र आता दोन्ही कानांना आहे. पहिल्याच आठवड्यात ह्यांनी तक्रार केली की स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज फार होतो. नातवाला त्यांनी यंत्राचं झाकण उघडून बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं आणि ते काम आता त्यानं आपल्याकडे घेतलं आहे.

आणि आम्ही दर वर्षी एका शहरात जायचं ठरवलं आहे, खर्च आधीपासून बाजूला टाकून. फार लागत नाही. रेल्वेचं तिकीट, बरी खोली, पायी फिरणं. पुढच्या वर्षीचं अजून ठरत नाही. मला बडोद्याला जायचंय. सयाजीरावांचा लक्ष्मी विलास राजवाडा बघायचाय आणि कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं. ह्यांना इंदूर हवंय. होळकरांचा राजवाडा, आणि रात्री सराफ्यातली पेढ्यांची दारं बंद झाली की त्याच दुकानांपुढे लागणारा खाण्याचा बाजार. मी म्हणते, सराफ्यात इतकी गर्दी, इतका आरडाओरडा, तिथे काय ऐकू येणार आहे तुम्हाला? ते म्हणतात, गर्दीसाठी यंत्रात वेगळी सेटिंग आहे, डॉक्टरांनी शिकवलीय, आणि ती वापरून बघायला त्यांना सराफाच पाहिजे. काल रात्री जेवताना हा वाद परत निघाला. सासूबाईंनी इंदूरच्या बाजूनं मत दिलं, कारण त्यांना तिथली शेव हवी आहे.